बापाची चाल

पिऊन झिंगलेला माणूस ओळखायला शिरूरमध्ये कुणाला शिकवणी लावावी लागत नाही. न पिता झिंगणारा माणूस ओळखायला मात्र पुण्याच्या डॉक्टरीणबाई लागल्या, डोक्याचा भलामोठा फोटो लागला, कुठल्याशा लांबच्या शहरात तपासायला धाडलेलं रक्त लागलं. हे सगळं होईपर्यंत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत इनुस शेखच्या तोंडाचा वास किती जणांनी घेतला याला गणती नाही. कोरेगाव भीमाजवळच्या ज्या कारखान्यात तो होता तिथल्या गेटवरच्या वॉचमननं घेतला, सुपरवायझरनं घेतला, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्यांनी आळीपाळीनं घेतला. त्याच्या बायकोनं, फरीदानं, तो झोपेत असताना घेतला. हे तिनं पुढं स्वतःहून त्याला सांगितलं आणि सांगताना ती रडली.

वास कुणालाच आला नाही. तर लोक म्हणाले, हल्ली वास न येणारी पण मिळते. लोकांचं एकदा ठरलं की ठरलं. पुरावा नसला तर तो नसणं हाच पुरावा.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत रिपोर्ट हातात आला. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण घाईतल्या नव्हत्या. त्यांनी इनुसला पुन्हा एकदा फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, टाचेला अंगठा लावत. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण तिसऱ्या पावलाला भिंत धरली. मग त्या म्हणाल्या, "पहिली गोष्ट. याचा दारूशी काडीचाही संबंध नाही."

कोर्टातून निर्दोष सुटलेल्या माणसासारखं इनुसनं फरीदाकडं पाहिलं. ते सुटणं अर्धा मिनिटभर टिकलं.

"मेंदूच्या मागच्या बाजूला एक लहान मेंदू असतो," बाई सांगू लागल्या. "तोल सांभाळणं, बोट नेमकं जिथं ठेवायचं तिथं ठेवणं, शब्द स्वच्छ उच्चारणं, ही सगळी त्याची कामं. तुमचा तो भाग हळूहळू झिजतोय. लाखात दोन-चार जणांना होतो हा आजार. थांबवेल असं औषध आज तरी नाही. व्यायाम आहे, काठी आहे, गिळताना घ्यायची काळजी आहे. उद्या-परवा काही होणार नाही, वर्षानुवर्षं चालेल, पण वाढत जाईल. तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही म्हणून सांगते."

आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं. दीड ओळीचं होतं. इनुसनं ते वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"हा आजार घराण्यातून येतो. आई-वडलांपैकी कुणाला चालताना असा त्रास होता?"

"अब्बांना व्हता," इनुस म्हणाला. "पण त्यांचं येगळं. ते दारू प्यायचे."

"तुम्ही पाहिलंत त्यांना पिताना?"

दौंडच्या लहानपणीच्या खोलीतला कोपरा न् कोपरा इनुसला आठवत होता. अब्बा उंबऱ्यात पडलेले आठवत होते, मोरीत पडलेले, टांग्यातून उतरताना पडलेले. बाटली कुठंच आठवेना. ग्लास आठवेना. घरी सोडायला आलेला पिणारा दोस्त आठवेना. "न्हाई बघितलं," तो म्हणाला.

फरीदानं विचारायचं ते विचारलं, "पोरांना?"

"प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. मोठी झाली की तपासायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या."

सैफ एकोणीसचा, शायना चौदाची. परतीच्या एसटीतून वाघोली आली. फरीदा म्हणाली, "परीक्षा झाली की सैफला सांगू. आधी अम्मांना सांगा."

"अम्माला कसं सांगू?" इनुस म्हणाला.

त्याचं दुखणं तिथंच होतं. आता अम्मा, म्हणजे इनुसची आई जैतूनबी, काय चीज होती ते सांगायला पाहिजे. घरात बोली दखनी. पण जैतूनबी केंदूरची, शेतकऱ्यांच्या पोरींत वाढलेली. राग आला की ती सरळ मराठीत उतरायची, आणि राग तिला रोज यायचा, म्हणून घरात मराठीच जास्त. सत्तरीला टेकलेली, अंगानं काटकुळी, पण तिच्या आवाजानं गल्लीतली कुत्री वाट बदलत.

तिचा नवरा बाबालाल शेख दौंड स्टेशनवर टांगा हाकायचा. टांग्यावर बसलेला असला की राजबिंडा. लगाम हातात, घोडी पायाखालची वाट जाणणारी. खाली उतरला की मात्र पाय फाकून, झोकांड्या खात चालायचा. पुढं पुढं जीभही जड झाली. स्टँडवरचे म्हणायचे, घोडी शहाणी आणि मालक बेवडा. कुणीतरी त्याला सांगितलं की लवंगेनं चक्कर थांबते, म्हणून तो दिवसभर लवंगा चघळू लागला. झालं. लवंग कशाला खातात हे काय लोकांना सांगायला लागतं?

मुसलमानाच्या घरात दारू म्हणजे साधी बदनामी नव्हे. जैतूनबीनं चार वर्षं तोंड दाबून सोसलं. मग एका सकाळी कुराणशरीफ पाटावर ठेवलं, नवऱ्याला हातपाय धुऊन वजू करून यायला लावलं आणि शपथ घ्यायला सांगितली. बाबालालनं हात ठेवून सांगितलं, जड जिभेनं, की मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. जैतूनबीचा जीव भांड्यात पडला. आणि तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, भर नमाजाच्या गर्दीत तो मशिदीच्या पायऱ्यांवरून गडगडत खाली आला.

दारू तिनं एक वेळ माफ केली असती. कुराणावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्या माणसाच्या हातचं पाणी मात्र तिला चालणार नव्हतं. त्याच आठवड्यात पोरांना घेऊन ती केंदूरला भावाकडं आली, पुढं शिरूरला खोली केली. गोधड्या शिवून पोरं मोठी केली. पाच वर्षांनी दौंडहून एक पटकेवाला माणूस सांगावा घेऊन आला की बाबालाल गेला, कबरीवर मिट्टी द्यायला मुलाला पाठवा. दारात सतरा वर्षांचा इनुस उभा होता. "आमचं तिथं कुणी न्हाई," असं म्हणून त्यानं दार लावलं. आतून आई म्हणाली, "शाबास." ती शाबासकी त्याला कित्येक वर्षं गोड वाटली होती.

आणि आता हा कागद. जैतूनबीचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं होतं, की आपण केलं ते बरोबर केलं. कागद खरा तर ते खोटं. सत्तराव्या वर्षी आईच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची इनुसची छाती होईना. न सांगावं तर ती त्याच्यातही बापच बघणार होती, आणि बघत होतीच.

त्यानं मधला मार्ग काढला. मधले मार्ग बहुधा खड्ड्यात जातात, तसाच हाही गेला. "मणक्याची नस दबली हाय, अम्मा," तो म्हणाला.

जैतूनबी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नस तुझ्या बापाची पण दबायची. बाटलीच्या वजनानं."

"डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टर काय, पैसं घेऊन सांगत्यात. मी ह्या चालीबरोबर संसार केलाय, मला नको शिकवू. शपथ घ्यायला सांगणार न्हाई मी तुला. ह्या घराण्याची शपथ बघून झाली माझी. येत्या रविवारी मी केंदूरला भाच्याकडं चालले. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघायची ताकद न्हाई."

आणि तिनं खरंच पेटी बांधायला घेतली. पत्र्याची पेटी, दोन लुगडी, नमाजाचं जानमाज, औषधाच्या गोळ्या. फरीदा आत-बाहेर करत राहिली. शेवटी मोरीच्या आडोशाला इनुसला गाठून म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

"तू गप बस. ती मरंल ऐकून."

"आन् तुम्ही? उद्या पाय चालंनात, तवा आईनं टाकलेला बेवडा म्हणून मरायचं हाय का, अब्बांसारखं?"

इनुस तिच्यावर ओरडला. ओरडताना त्याची जीभ अडखळली, आणि ते दोघांनाही ऐकू आलं. त्याला भीती वाटत होती. आजाराची वाटत होती, पण त्याहून जास्त त्या खोलीची, जिथं अब्बा एकटे पडून राहिले असतील. तो पुन्हा पुन्हा मनात तिथं जायचा आणि कॉटवर स्वतःला बघायचा.

शनिवारी तो डझनभर अंडी घेऊन घरी येत होता. सरळ रस्ता, कोरडा, खडासुद्धा नाही. दारापाशी वळताना पाऊल भलतीकडंच पडलं आणि इनुस अंड्यांसकट आडवा झाला. समोरच्या ओट्यावर सोजरबाई भाजी निवडत होती. ती बाई वाईट नव्हती, पण अंड्यात लडबडलेला माणूस बघून हसू येतं ते येतंच. दोघं-तिघं थांबले. जैतूनबी दारात आली. तिनं खाली बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आलं. बापाचं रक्त वर आलं."

यापेक्षा खरं वाक्य ती जन्मात बोलली नसेल, आणि तिला ते ठाऊक नव्हतं. इनुस उठलाही नाही. तिथंच बसून म्हणाला, "व्हय अम्मा, बापाचंच हाय. डॉक्टरणीनं तेच सांगितलं. हा आजार हाय, रक्तातनं येतो, माझ्यात अब्बांकडनं आला. मी पीत न्हाई. आन् अब्बा पण पीत नव्हते."

फरीदा धावत बाहेर आली होती, ती तिथंच थांबली.

"कुणी सांगितलं?" जैतूनबीनं विचारलं.

"पुण्याच्या डॉक्टरणीनं. रक्त तपासून."

"तिनं बघितलं व्हतं का तुझ्या बापाला?"

"न्हाई. तू बघितलंस कवा पिताना? एकदा तरी?"

जैतूनबीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिच्या ओठांची नुसती हालचाल झाली आणि इनुसला आपल्या बोलण्याची लाज वाटली. म्हाताऱ्या आईला चारचौघांत असं उघडं पाडायला नको होतं. पण लाजेच्या खाली, खोल कुठंतरी, त्याला हलकंही वाटलं. हे पण खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

"म्हंजी शपथ..." ती म्हणाली.

"शपथ खरी व्हती, अम्मा."

ती आत गेली. थोड्या वेळानं फरीदा इनुसचे कपडे धूत होती, तेव्हा आतून आवाज आला, "सैफ? शायना?"

"ठाऊक न्हाई," फरीदा म्हणाली. "कुणालाच ठाऊक न्हाई, अम्मा."

रविवार आला आणि गेला. पेटी बांधलेली तशीच राहिली, केंदूरचं नाव निघालं नाही. जैतूनबी नमाजाला बसायची ती उठायचीच नाही. जेवायला वाढलं तर दोन घास खायची. रागवायचीसुद्धा नाही, आणि तिनं रागावणं सोडलं म्हटल्यावर घरातल्यांची पाचावर धारण बसली. शायना आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, तर आजी तिच्या पायांवरनं हात फिरवत राहायची. दोन्ही पायांवरनं, पुन्हा पुन्हा.

मंगळवारी सकाळी ती चपला घालून दारात उभी होती. "दौंडला चल," ती इनुसला म्हणाली. "तो डोक्याचा फोटू बरोबर घे."

"अम्मा, कब्रस्तानात बायांना आत..."

"कब्रस्तानात कोण चाललंय? त्याला काय सांगायचं, त्याला ठाऊकच हाय की. माणसांना सांगायचंय."

एसटी न्हावऱ्यावरून गेली, उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत. भीमेच्या पुलावर जैतूनबीनं डोळे मिटून घेतले. तीस वर्षांत ती या पुलाच्या अलीकडंच राहिली होती. नात्यातली लग्नं दौंडला झाली, ती गेली नाही. पुढं कुठं जायची गाडी दौंडवरून असली तर ती दुसऱ्या वाटेनं जायची. का, तर दौंडच्या गल्लीत लोक बोट दाखवतील, ही बघा बेवड्याची बायको.

जुन्या गल्लीत पहिल्या घरात सोलापूरकडचं कुटुंब निघालं. त्यांना इथं येऊन सहा वर्षं झालेली. दुसऱ्या घरात एक सून होती, तिची सासू वारलेली. जैतूनबीनं तरीही सगळं सांगितलं, पहिल्यापासून. इथं बाबालाल टांगेवाले राहायचे. लोक त्यांना दारुडे म्हणायचे. ते पीत नव्हते, त्यांना आजार होता, हा बघा फोटो, हा त्यांचा मुलगा, याला पण तोच आहे. सुनेनं सगळं ऐकलं, "थांबा हं" म्हणून आत गेली आणि दहाची नोट घेऊन बाहेर आली.

"पैसं नकोत, बाई," जैतूनबी म्हणाली. "आम्ही मागाय आलो न्हाई. तुमी आयकलं, बास."

तिसऱ्या घरी, चौथ्या घरी तेच. मशिदीपाशी बसलेल्या एका पांढऱ्या दाढीवाल्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. "बाबालाल? टांगेवाले तर लई व्हते त्या काळात," तो म्हणाला. त्या पायऱ्यांवरून कुणी गडगडलं होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. इनुस भिंतीला हात लावत मागं मागं चालत होता आणि आईकडं बघून त्याचं काळीज तुटत होतं. जिच्यासाठी तिनं तीस वर्षं तोंड लपवलं ती बदनामी दौंड कधीच विसरून गेलं होतं. ती फक्त त्यांच्याच घरात जिवंत होती.

"बास कर अम्मा," तो म्हणाला. "कुणाला आठवत न्हाई."

"एक तरी आसंल," ती म्हणाली.

होता. स्टेशनबाहेर टांग्यांच्या जागी रिक्षा उभ्या होत्या. त्यांतल्या एका म्हाताऱ्या रिक्षावाल्यानं सांगितलं की टांगा स्टँडवर घोड्यांसाठी हिरव्या घासाच्या पेंढ्या विकणारे सावळाराम अजून आहेत, पोराच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतात. तिथं वह्यांच्या गठ्ठ्यांमागं खुर्चीत एक वाळलेला म्हातारा बसला होता, डोक्याला पटका. जैतूनबीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "इथं बाबालाल टांगेवाले..."

"बसा भाभी," म्हातारा म्हणाला. "बाबालालला सांगताय व्हय मला?"

जैतूनबी बसली नाही. इनुस मात्र बसला, कारण चालून त्याचे पाय थकले होते.

"त्यो पीत नव्हता," सावळाराम म्हणाला. "आजाराचं नाव आमाला ठाऊक नव्हतं, पण पीत नव्हता येवढं ठाऊक. तुमी गेल्यावर तीन वर्षं टांगा चालवला, मी धरून वर बसवायचो. मग घोडी इकली. शेवटची दोन वर्षं पडूनच व्हता. माझी मंडळी डबा द्यायची, मी भरवायचो. घोटभर पाणी पाजलं तरी ठसका लागायचा त्याला, भाभी. दारू काय गिळतोय?"

"मग तुमी लोकांना सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं की. लोक म्हनायचे, दोघं मिळून पित्यात." म्हातारा थोडा हसला. "तुमच्या दारात पण आलो व्हतो, त्यो गेला तवा. मिट्टीचा सांगावा बी व्हता आन् ह्ये बी सांगायचं व्हतं. ह्यांनी दार लावलं." त्यानं इनुसकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि नव्हता म्हणून इनुसला ते सोसेना. त्यानं मान खाली घातली.

"चुकलो, आबा," तो म्हणाला.

"पोर व्हता तुमी."

जैतूनबी दुकानाच्या फळीला धरून उभी होती. तिनं विचारलं, "माझ्यावर राग व्हता त्यांचा?"

सावळारामानं विचार केला. दुसरा कुणी असता तर पटकन गोड बोलून मोकळा झाला असता. म्हाताऱ्या बाईला तेवढंच बरं वाटलं असतं. पण हा माणूस पंचवीस वर्षांपूर्वी खरं सांगायला केंदूर-शिरूर पालथं घालून आलेला होता.

"व्हता," तो म्हणाला. "लई व्हता. शपथेवरनं जास्त. कुराणावर हात ठिवला तरी माझ्या बायकूनं मला खोटं पाडलं, म्हनायचा. मग बोलनंच गेलं त्याचं. त्यानंतरचं मला न्हाई ठाऊक."

"बरं झालं सांगितलंत," जैतूनबी म्हणाली.

ती रडली नाही. पदर नीट केला आणि म्हाताऱ्याच्या समोर वाकली. तो "आवं भाभी, आवं काय हे" करत खुर्चीतून उठू लागला, तोवर तिचे हात त्याच्या पायांना लागून गेले होते. मुसलमानाच्या बाईनं असं वाकायचं नसतं. तिनं ते कुणाला विचारलं नाही.

स्टँडकडं निघाले तेव्हा ऊन तापलं होतं. इनुस पार थकला होता, आणि थकला की त्याचं चालणं फारच बिघडायचं. एक पाय इकडं, एक तिकडं. बरोबर आणलेली काठी त्यानं लाजेपायी पिशवीतच ठेवली होती. चौकातल्या पानटपरीवर चार माणसं उभी होती. त्यातला एक, चांगला बाप्या माणूस, चुन्याचं बोट पुसत म्हणाला, "काय चाचा, भर दुपारीच?"

बाकीचे हसले. इनुसनं सवयीनं मान खाली घालून पुढं निघायचं केलं. या दोन वर्षांत तो ते शिकला होता.

जैतूनबी थांबली. इनुसला वाटलं, आता ही शिव्या देणार, गल्लीतल्या आवाजात. पण ती टपरीपाशी गेली आणि साध्या आवाजात बोलू लागली. पन्नास वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्न झालेल्या बायका घेत नाहीत, आणि टाकून आल्यावर तर ते तिच्या तोंडी यायचं कारणच नव्हतं. सकाळपासून घरोघरी तिनं ते घेतलं होतं, पण खालच्या आवाजात, चोरून घेतल्यासारखं. आता तिनं ते भर चौकात घेतलं.

"पिलेला न्हाई त्यो," ती म्हणाली. "त्याला आजार हाय. त्याच्या बापाला बी ह्योच व्हता. बाबालाल शेख त्यांचं नाव. ह्याच चौकात टांगा व्हता त्यांचा. आयुष्यात थेंब घेतला न्हाई त्या माणसानं, आन् बेवडा म्हनून मेला. त्यांना बेवडा म्हननारी पहिली मी. मी बायकू त्यांची."

टपरीवाल्याचा हात पानावरच राहिला. बोलणारा माणूस इकडं तिकडं बघून म्हणाला, "माफ करा, मावशी."

"मला न्हाई," जैतूनबी म्हणाली. "ह्याला म्हना."

तो इनुसला म्हणाला.

मग तिनं पिशवीतून काठी काढून लेकाच्या एका हातात दिली आणि दुसरा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. ती त्याच्या छातीला जेमतेम लागत होती. "टेक," ती म्हणाली. "पुरता टेक. मोडत न्हाई मी." इनुस टेकला. शिरूरची गाडी सुटायला दहा मिनिटं होती आणि स्टँड लांब होता, पण दोघांपैकी कुणीच घाई केली नाही.